लॅपटॉप ‘डेड’ झालाय म्हणजे नेमकं काय झालंय?

रात्री झाकण मिटलं तेव्हा सगळं ठीक होतं. सकाळी उघडलं तर पडदा काळा. बटण दाबलं, परत दाबलं, जरा जोरात दाबलं. काहीच नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "डेड झालाय वाटतं," आणि त्या एका शब्दावर पुढचे सगळे निर्णय होतात. दुकानात टाका, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदला, नाहीतर नवीनच घ्या.

माझा या शब्दालाच आक्षेप आहे. लॅपटॉप चालू न होणं हे लक्षण आहे, आजार नव्हे. ताप आला म्हणून कुणी थेट ऑपरेशनला नेत नाही, तसंच हे. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत चार-पाच टप्पे असतात आणि त्यातला कुठलाही एक अडला तरी बाहेरून दिसतं ते एकच: काळा पडदा. कुठला टप्पा अडला, हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यातले कित्येक अडथळे स्क्रू ड्रायव्हर न उचलता दूर होतात.

आधी बघा: वीज नाही, की चित्र नाही?

दुरुस्तीच्या दुकानात दोन शब्द कायम कानावर पडतात, ‘नो पॉवर’ आणि ‘नो डिस्प्ले’. पहिल्यात लॅपटॉपमध्ये जीवच नसतो. दुसऱ्यात तो आत चालू असतो, फक्त दाखवत काही नाही. आपण दोघांनाही ‘डेड’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे कॅप्स लॉक. ते बटण दाबल्यावर त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का बघा. होत असेल तर तुमचा लॅपटॉप जिवंत आहे, कीबोर्डचं ऐकतोय, अडचण चित्राची आहे. दिवा नसेल तर कान लावून पंखा ऐका, किंवा खाली दिवा असलेला माऊस जोडून तो लागतो का पाहा.

चित्राचीच अडचण असेल तर विंडोजवाल्यांनी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबावीत. चित्र तयार करणारा सॉफ्टवेअरचा भाग यामुळे नव्याने सुरू होतो. बऱ्याचदा एक बीप ऐकू येते, पडदा लुकलुकतो आणि चित्र परत येतं. झोपेतून उठताना हाच भाग अडखळण्याचं प्रमाण मोठं आहे. तेवढ्याने भागलं नाही, तर अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. चित्र पुसट दिसलं, तर पडद्यामागचा उजेड गेलाय, बाकी सगळं धड आहे. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून बघणं हा आणखी एक उपाय. टीव्हीवर चित्र आलं, तर दोष पडद्याचा नाहीतर बिजागरीतून जाणाऱ्या वायरच्या पट्ट्याचा. झाकण हजारो वेळा उघडमीट होतं, तेव्हा तो पट्टा तिथेच झिजतो.

झोपलेला लॅपटॉप आत काय करत असतो?

बाजारपेठेतलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर माल पसरलाय, गिऱ्हाइकाला दाखवणं चाललंय. हा काउंटर म्हणजे लॅपटॉपची रॅम, चालू कामाची तात्पुरती जागा. मागचं गोदाम म्हणजे डिस्क; तिथे ठेवलेलं वीज गेली तरी जागेवर राहतं.

दुपारी मालक जेवायला जातो आणि शटर अर्धं ओढून घेतो. माल काउंटरवर तसाच. परत आला की लगेच धंदा सुरू. ही झाली ‘स्लीप’, म्हणजे झोप. या झोपेतही वीज लागते, हे मात्र विसरू नका. रॅममधली माहिती वाळूवर बोटाने लिहिल्यासारखी असते. साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तीच अक्षरं पुन्हा गिरवावी लागतात, नाहीतर पुसली जातात. झोपलेला लॅपटॉप रात्रभर हेच गिरवत बसलेला असतो. बॅटरी संपली की गिरवणं थांबतं आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

दुसरा प्रकार म्हणजे ‘हायबरनेट’. मालक काउंटरवर काय कुठे होतं ते टिपून घेतो, सगळा माल गोदामात ठेवतो, शटर पूर्ण लावतो. सकाळी टिपण बघून तसंच्या तसं मांडतो. उठायला वेळ लागतो, पण झोपेत वीज जवळजवळ लागत नाही.

तिसरा प्रकार नवा, आणि सध्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तोच. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये जुन्या झोपेच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. शटर अर्धं ओढलेलं, आत मालक मोबाईलवर ऑर्डरी घेतोय. मेल येतायत, अपडेट उतरतायत. फोनसारखा लॅपटॉपही झटकन उठावा, हा हेतू चांगलाच. पण एखादा प्रोग्रॅम किंवा वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारं सॉफ्टवेअर, हट्टाला पेटला, तर लॅपटॉप झोपतच नाही. ऑफिसातून निघताना झाकण मिटून सॅकमध्ये टाकलेला लॅपटॉप घरी काढताना चटका बसेल इतका तापलेला, आणि बॅटरी पार तळाला. त्याला अशा वेळी लोक ‘डेड झालाय’ म्हणतात, आणि झालेलं एवढंच असतं की तो सगळा वेळ जागा होता.

यावर मी सगळ्यांना एकच बदल करायला सांगतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तिथे ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. उठताना काही सेकंद जास्त जातील, तेवढे जाऊ द्या.

"पण मी तर शट डाउन केला होता!"

तुमचं म्हणणं खरं आहे, आणि तरीही लॅपटॉप पूर्ण बंद झाला नव्हता. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. यात शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा मात्र हायबरनेटसारखा टिपून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी तेच टिपण उघडलं जातं. टिपणातच काल झालेला घोळ असेल, तर तो आजही तसाच समोर येतो.

‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं कोरं होऊन सुरू होतं. लोकांना हे उलटं वाटतं: बंद करून चालू करणं म्हणजे जास्त पक्कं, रीस्टार्ट म्हणजे वरवरचं. विंडोजमध्ये ते बरोबर उलट आहे. खरोखर पूर्ण बंद करायचं असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून मग शट डाउनवर क्लिक करा. उठण्याचा त्रास वारंवार होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधूनच फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका.

आतला रखवालदार

दुकान बंद असलं तरी दारात वॉचमन असतो. लॅपटॉपमध्येही असा एक छोटा चिप असतो, त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. मी त्याला रखवालदारच म्हणेन. लॅपटॉप बंद असतानाही हा जागा असतो. बटण दाबलं गेलं का, झाकण उघडलं का, चार्जर आला का, बॅटरीत किती शिल्लक आहे, हे सगळं तो बघतो. आपण बटण दाबतो तेव्हा वीज थेट प्रोसेसरकडे धावत नाही. आपण रखवालदाराला हाक मारतो, आणि तो आत वर्दी देतो.

आणि हा रखवालदारच कधीकधी गोठतो. विजेचा धक्का, अर्धवट गेलेली झोप, चुकीच्या क्षणी काढलेला चार्जर, काहीही निमित्त. मग बॅटरी भरलेली, प्रोसेसर धड, पडदा धड, आणि तरीही लॅपटॉप दगडासारखा. कारण तुमची हाक ऐकणाराच कुणी नाही.

उपाय साधा आहे: रीसेट. चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माऊस, टीव्हीची केबल, जोडलेलं सगळं काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण दाबून धरा. नुसतं दाबून सोडायचं नाही, धरून ठेवायचं. कंपनीगणिक हा वेळ १५ सेकंदांपासून मिनिटापर्यंत असतो, म्हणून मी मिनिटच सांगतो. सोडा, चार्जर जोडा, एकदा नीट दाबा. काही लॅपटॉपच्या तळाशी टाचणी जाईल एवढं भोक असतं, त्याच्या आत याच कामाचं बटण असतं. चार्जर काढूनच ते टाचणीने दाबायचं. मायक्रोफोनचंही भोक असंच दिसतं, त्यामुळे आधी मॅन्युअल बघा. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या, अ‍ॅपलच्या एम मालिकेची चिप असलेल्या मॅकबुकमध्ये वेगळा रीसेट नाही. बटण १० सेकंद धरून सोडायचं आणि पुन्हा दाबायचं.

"आत साठलेली वीज निघून जाते" असं याचं कारण सांगतात. ते थोडंफार खरं आहे, पण मुख्य गोष्ट ही की एवढा वेळ बटण धरल्याने खुद्द रखवालदार नव्याने सुरू होतो. चार सेकंद दाबून लॅपटॉप जबरदस्तीने बंद करता येतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि ‘तेवढं मी केलंय’ असं ते सांगतात. पण चार सेकंदांत बंद होतं ते दुकान. वॉचमन जागचा हलत नाही. म्हणून मिनिटभर.

एवढा वेळ दाबून धरलं तर काही बिघडणार नाही ना?

लॅपटॉप आधीच निर्जीव असेल तर बिघडण्यासारखं काही नाही. सेव्ह न केलेलं काम तेवढं जाईल. एकाच प्रसंगी मात्र हात आवरा: अपडेट चालू असताना. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारी मूळ आज्ञावली, बदलली जात असेल तर पडदा काही मिनिटं काळा राहतो, पंखा जोरात फिरतो, मध्येच लॅपटॉप आपणहून बंद-चालू होतो. नवीन रॅम बसवल्यावरही पहिल्या वेळी असंच होऊ शकतं. काल रात्री ‘अपडेट अँड शट डाउन’ केलं असेल आणि पंखा चालू असेल, तर चार्जर लावा आणि अर्धा तास हातही लावू नका.

लोहचुंबकाची गोष्ट

माझ्या भाचीचा फोन आला रात्री साडेदहाला. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा होता आणि लॅपटॉप उठत नव्हता. "बटण दाबलं की कीबोर्डचा उजेड येतो मामा, आणि लगेच जातो." तिने रीसेट केला, चार्जर बदलून बघितला, तेच. मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिने वडिलांच्या फोनवरून लावला आणि कॅमेरा कीबोर्डवर धरला. टचपॅडच्या डाव्या बाजूला, तळहात टेकतो तिथे, तिचा स्वतःचा फोन पडला होता. पाकिटासारख्या कव्हरमध्ये, मिटणाऱ्या झाकणाला लोहचुंबकाची टिकली असलेल्या. "तो फोन उचल." उचलला, बटण दाबलं, पडद्यावर तिचा वॉलपेपर.

झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं ते चुंबकामुळेच. झाकणाच्या कडेत छोटा चुंबक असतो आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा सेन्सर. बाहेरचा चुंबक तिथे आला की रखवालदाराला वाटतं, झाकण मिटलंय, झोपवा. घड्याळाचा चुंबकी पट्टा, पर्सचं बटण, आणि एका लॅपटॉपवर ठेवलेला दुसरा लॅपटॉप हेही तेच करतात. ऑफिसात एकावर एक लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"चार्जर ठीक आहे, फोन चार्ज होतो त्याने"

हा युक्तिवाद मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. टाइप-सी चार्जर जोडला की आधी बोलणी होतात. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग तो आपल्याकडे किती किती व्होल्ट आहेत ते सांगतो. त्यातले २० व्होल्ट लॅपटॉप मागतो, तेव्हा व्यवहार ठरतो. फोनच्या छोट्या चार्जरकडे बऱ्याचदा ९ किंवा १२ व्होल्टच्या पुढे माल नसतो. फोन त्यात खूश. लॅपटॉपचा सौदा फिसकटतो आणि तो काहीच घेत नाही, किंवा इतकं थोडं घेतो की चालू व्हायला पुरत नाही.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘आउटपुट’ पुढे २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलं असेल, तर गुणाकार ६५ वॅट. साध्या ऑफिसच्या लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट लागतात, गेमिंगवाल्याला त्याच्या कितीतरी पट. केबलचंही तसंच: फक्त फोनसाठी बनवलेली केबल या बोलण्यांत मुकी ठरू शकते. शिवाय लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असले, तरी चार्जिंग एकाच पोर्टवर असू शकतं. दुसरा लावून बघा.

गोल पिनच्या चार्जरमध्ये काही कंपन्या मधोमध एक बारीक सुई ठेवतात. चार्जर आपल्याच घरचा आहे ना, हे लॅपटॉप तिच्यावरून ओळखतो. ती वाकली की लॅपटॉप चार्जरवर चालतो पण बॅटरी भरत नाही, आणि चार्जर काढताक्षणी ‘डेड’.

एक्स्टेंशन बोर्डवर भरवसा ठेवू नका, थेट भिंतीतल्या प्लगला लावा. आणि लाइट गेली की फ्रिजचा प्लग काढायची आपल्या घरांतली जुनी सवय लॅपटॉपलाही लावा. वीज परत येते त्या क्षणीचा झटका चार्जरच्या जिवावर उठतो. बरीच उपकरणं तिथेच मरतात.

महिनाभर कपाटात होता, आता उठत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी निघाला आणि कपाटातली यंत्रं बाहेर आली. त्यातली बरीच चालू होत नाहीत आणि लोक ती भंगारात काढायला निघतात. थांबा.

लिथियम बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्टचा असतो. तो ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट दारच बंद करून घेतं. तुम्ही चार्जर लावता, पण उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत, पेज देतात. तसं लॅपटॉपचं सर्किट आधी अगदी थेंबथेंब वीज देतं. या काळात दिवाही लागत नाही कधीकधी. पाच मिनिटं वाट बघून ‘गेला’ म्हणू नका. योग्य चार्जर लावून तासभर बटणालाही हात न लावता ठेवा, मग दाबा. तरीही नाही, तर बॅटरी गेली असेल, लॅपटॉप नव्हे. बॅटरी बाहेर निघणारी असेल, तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालवून बघा.

फक्त त्याआधी लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून बघा. डुगडुगतोय? टचपॅड वर आलाय, दाबला जात नाही? झाकण नीट मिटत नाही? बॅटरी फुगलीय. चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नसते, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

"मदरबोर्ड गेलाय," असं सांगितलंय

गेलाही असेल. पण कसं कळलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चांगला चिप-लेव्हल कारागीर, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त करणारा, बोर्डला थेट पॉवर सप्लाय जोडतो आणि किती करंट ओढला जातोय ते आकड्यावर बघतो. शून्य असेल, तर वीज दारातच अडलीय. चार्जिंगचा जॅक तुटला असेल. शतांश अँपिअरच्या घरात असेल, तर रखवालदार जागा आहे, पुढचं कुणी उठत नाही. काटा एकदम टोकाला गेला, तर शॉर्ट सर्किट. मग तो बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडतो आणि बघत राहतो. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी उडून जातं. तांदळाच्या कणीपेक्षा लहान कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारीक भाग, पण बऱ्याचदा तोच गुन्हेगार. तो बदलला की पूर्ण बोर्ड बदलावा लागत नाही. हे काम मी जवळून पाहिलंय, आणि असं काम करणाऱ्या माणसाला चार पैसे जास्त द्यायला मला कधी जड वाटलं नाही.

‘नो डिस्प्ले’ असेल तर तो आधी रॅम काढून परत बसवेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. तो खोडरबराने पुसून काढला की कित्येक लॅपटॉप तिथेच उठतात. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाख (सोल्डर) देऊन बसवलेली असते, तिथे हा उपाय नाही. लॅपटॉप चालू करताना दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा बीप वाजतात, त्या मोजा. ती कंपनीची सांकेतिक भाषा असते: इतक्या वेळा म्हणजे रॅम, इतक्या वेळा म्हणजे पडदा. अर्थ कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो.

आणि माझे फोटो, फायली?

सगळ्यात महत्त्वाचं हे. चालू न होणाऱ्या लॅपटॉपला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं कुणी म्हणालं, तर लॅपटॉप उचला आणि निघा. फॉरमॅट म्हणजे गोदाम रिकामं करणं. दाराचं शटर अडकलंय म्हणून कुणी गोदाम रिकामं करतं का? वीज आणि चित्राच्या बिघाडाचा डिस्कवरच्या फायलींशी संबंध नसतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडता येते आणि फायली उतरवता येतात.

एक अडसर मात्र आहे. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. डिस्क दुसरीकडे नेली, बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला, की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर, म्हणजे आजच, खात्यात लॉग-इन करून ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर डिस्क धड असूनही फायली मिळत नाहीत, आणि तिथे कुठलाच कारागीर काही करू शकत नाही. एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये तर साठवणूकच बोर्डला जोडलेली आणि त्याच बोर्डच्या कुलपात असते. तिथे आधी घेतलेला बॅकअप हाच एक मार्ग.

दुकानात जावंच लागलं, तर ‘डेड आहे’ एवढंच सांगू नका. कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, टीव्हीवर चित्र येतं का, दिवा किती वेळा लुकलुकतो, चार्जर काढून मिनिटभर बटण धरून बघितलंय, शेवटी चालू होता तेव्हा काय चाललं होतं, हे एका कागदावर लिहून लॅपटॉपसोबत द्या. त्याच कागदावर ठळक लिहा: डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. आणि भाग बदलला तर जुना भाग परत मागून घ्या.